चौथ्या कार्बनवरची साखर

"ताई, या साखरेतला नायट्रोजन आपण चुकीच्या जागी शोधत होतो," धाकटी म्हणाली आणि तिनं आलेखाचा कागद टेबलावर पसरला.

प्रयोगशाळेत सगळे त्यांना ताईच म्हणत आणि या नव्या मुलीला धाकटी. एका जिवाणूभोवती साखरांच्या साखळ्यांचं वेष्टण होतं आणि त्यातली एक साखर काही केल्या ओळखू येत नव्हती. तिच्यापायी ताईंची सहा वर्षं गेली होती. धाकटीला येऊन तीन महिने झाले होते.

"तो दुसऱ्या कार्बनवर असणार, असं धरून चाललो. तो चौथ्यावर आहे."

ताईंनी कागद पाहिला. पोरीचं बरोबर होतं. आत काहीतरी चरचरलं.

"ताडून बघायला तशा साखरेचा अस्सल नमुना हवा. तुम्ही शिकत असताना बनवला होतात ना? तुमच्या प्रबंधात वाचलं मी."

"संपला तो," ताई म्हणाल्या. "केव्हाच."

धाकटीचा चेहरा उतरला. ती जेवायला गेली.

ताईंनी फ्रीजच्या तळच्या खणातून बोटभर कुपी काढली. सहा वर्षं ती तिथंच पडून होती, हाताच्या अंतरावर. "चुकू दे हिचं," त्या पुटपुटल्या आणि कुपीतली आणि जिवाणूची अशा दोन्ही साखरा मिसळून त्यांनी यंत्रात सोडल्या. साखरा वेगळ्या असत्या, तर आलेखावर दोन सुळके उमटले असते.

अठराव्या मिनिटाला एकच उमटला. सुईसारखा सरळ.

धाकटी परतली तेव्हा तो कागद तिच्या टेबलावर होता. तिनं कागद पाहिला, शेजारची ‘संपलेल्या’ नमुन्याची कुपी पाहिली, ताईंकडे पाहिलं.

"सरांना तुम्हीच सांगा ना, ताई. मला धीर होत नाही."

सर प्रयोगशाळेचे प्रमुख; ताईंनी त्यांच्या खोलीचं दार ढकललं. धाकटी उंबऱ्याशीच थांबली.

"सर, ती साखर ओळखली."

सर ताडकन उठले. "वा! मला खात्री होती, तुम्हीच ओळखणार!" त्यांनी ताईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ताईंनी तो जरा वेळ तसाच राहू दिला.

"मी नाही," मग त्या म्हणाल्या. "धाकटीनं."

सरांनी हात सोडला नाही. पण त्यांची नजर ताईंच्या खांद्यावरून दाराकडे गेली होती.