पिवळी रेघ

व्हॅनवाल्या मावशीने सरकत्या दाराच्या लॉकवर बोट फिरवलं, तर बोट पिवळं झालं. रंग ओला होता.

"हात नका लावू, मावशी," मागून मेकॅनिक म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली.

मावशी काही काल जन्मलेली नव्हती. शाळेची पोरं नेण्या-आणण्यात तिचे केस पिकले होते, आणि या वर्कशॉपची पद्धत तिला पाठ होती. बोल्ट आवळला की त्यावर पिवळी रेघ मारायची, म्हणजे कुठला आवळला नि कुठला राहिला ते कळतं. लॉक इथंच बदलून घेतलं होतं. त्याच आठवड्यात वळणावर दार उघडलं आणि व्हॅनमधली ठकी रस्त्यावर पडली. हाताचं हाड मोडलं. तपासणीसाठी म्हणून हे लोक गाडी घेऊन गेले, तेव्हा या बोल्टांवर रेघ नव्हती. मावशीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि आता बघा, कशी नवरीसारखी नटवून ठेवलीय गाडी!

बोट तसंच वर धरून ती मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली. ठकीचा बाप तिथं आधीच येऊन बसला होता. शेजारी ठकी, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला. मॅनेजर इतकं गोड बोलत होता की टेबलाला मुंग्या लागाव्यात.

"हे बघा साहेब," मावशीने बोट त्याच्या नाकासमोर नाचवलं. "रंग अजून ओला आहे. बोल्ट तेव्हा आवळलेच नव्हते तुमच्या माणसांनी. आज आवळले, आज रेघ मारली."

मॅनेजरने टिश्यूचा खोका पुढे सरकवला. "पुसून घ्या ताई. कपड्यांना लागला तर निघत नाही."

"मी काय विचारतेय?"

"आमचा रिपोर्ट साफ आहे. आतलं हँडल ओढलं गेलं. मुलीने स्वतःच कबूल केलंय."

कबूल करेल नाही तर काय करेल? आधी शाळेने विचारलं, मग आईने, मग बापाने दोन थोबाडीत देऊन, मग वर्कशॉपच्या माणसाने चॉकलेट देऊन. नाही नाही म्हणून दमलेलं पोर शेवटी हो म्हणालं आणि सुटलं. रस्त्यावर पडली तेव्हा ती रडत रडत पहिलं काय म्हणाली होती, ते एकट्या मावशीने ऐकलं होतं. "मी हात नाही लावला गं." मावशीने ते ज्याला त्याला सांगितलं. पण तिचं कोण ऐकतो! स्वतःची कातडी वाचवायला बघतेय, म्हणाले.

"तरीही माणुसकी म्हणून दवाखान्याचं बिल आम्ही भरतो," मॅनेजर म्हणाला. "गाडी आत्ता घेऊन जा, रिपेअरचा एक पैसा नको. दोघांनी आमच्यावरची तक्रार मागे घ्यायची, विषय संपला. वाद घालायचा असेल तरी हरकत नाही. मग गाडी निकाल लागेपर्यंत इथंच राहील."

मावशी ठकीच्या बापाकडे वळली. "दादा, पोर खरं बोलत होती. हे बघा ना, अजून ओला आहे!"

बापाने बोटाकडे पाहिलंच नाही. "मावशी, कशाला फाटे फोडताय? मिटतंय तर मिटू द्या. उसने आणून प्लास्टर घातलंय मी."

"अहो, पण ती खोटी ठरतेय."

"लहान आहे. विसरेल."

मावशी उभीच राहिली. निम्म्या पोरांच्या आयांनी दुसऱ्या व्हॅन धरल्या होत्या. उरलेल्या रोज फोन करून विचारत होत्या, गाडी कधी येणार? गाडी नाही तर चूल नाही, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिला त्या दोघांची चीड आली. स्वतःची तर शिसारीच आली, कारण तिचा हात खोक्याकडे गेला होता. तिने टिश्यू ओढला, बोट खसाखसा पुसलं आणि विचारलं, "सही कुठं करायची?"

सह्या झाल्या. बापाला एकदम हलकं वाटलं असावं. "ठके," तो म्हणाला, "काकांना सॉरी म्हण."

"सॉरी, काका."

"शहाणं बाळ!" मॅनेजरने तिचा गाल थोपटला. "पुढच्या वेळी दाराला हात लावायचा नाही हं."

बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण गाडीची किल्ली मुठीत होती.

बापाला परस्पर कामावर जायचं होतं, म्हणून ठकीला घरी सोडायचं काम मावशीकडे आलं. तिने पोरीला दारापासून लांब बसवलं, दार लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि गाडी रस्त्यावर काढली. दार अगदी घट्ट बसलं होतं. आता चांगलं आवळलं होतं मेल्यांनी!

वळणावर ठकी कलंडली आणि तिचं डोकं खिडकीवर आपटलं. मावशीने आरशात पाहिलं. पोरीने आपला धड हात मांडीखाली दाबून ठेवला होता.

"अगं, पडशील! समोरचा दांडा धर ना."

"नको." ठकी तशीच अंग चोरून सरळ झाली. "तू बघतेयस ना मावशी? मी कशालाच हात लावला नाही. घरी सांगशील ना?"