न विझणारा दिवा

आठवड्यात तिसऱ्यांदा टिळेकर सर गॅरेजमध्ये आले. "ऑइल प्रेशरचा लाल दिवा विझतच नाही. असली जुनी गाडी घेऊन साताऱ्याला लग्नाला जायचं नाही!" शेजारच्या सीटवर सरांच्या पत्नी, आमच्या काकू, रुसून बसल्या होत्या. लग्न त्यांच्या भाच्याचं होतं.

सरांनी मला शाळेत गणित शिकवलंय. त्यांचं म्हणणं खरं धरून मी पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं. ऑइल भरपूर होतं. मीटर लावून मोजलं, तर प्रेशरही चोख. दिव्याचा स्विच तर परवाच बदलला होता.

"सर, इंजिन बंद करा," मी वैतागून म्हणालो.

"केव्हाच केलंय!" सरांनी हातातली चावी दाखवली. "तरी दिवा चालूच आहे."

चावी काढल्यावर दिवा? मी आत वाकलो आणि त्याला नख लावलं. दिवा नखाला चिकटून आला.

"अगबाई, माझी टिकली!" काकू ओरडल्या. "रविवारी वाटेत गाडी थांबवून तोंड धुताना काढून तिथे लावली होती. चार दिवस बारीक टिकली लावून फिरतेय, पण यांच्या लक्षात येईल तर शपथ!"

त्यांनी ती ठसठशीत टिकली कपाळावर लावली. "चला साताऱ्याला. आणि पुन्हा दिवा दिसला, तर आधी माझ्या कपाळाकडे बघा."