काजव्यांची बादली

तिसऱ्यांदाही तेच उत्तर आलं. आईकडूनच लेकरात उतरणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए सांगत होता, की डोंगरी ओढ्यातल्या गोगलगायी जपानमधल्या दूरच्या बिवा तलावातल्या आयांच्या पोटच्या. “नमुन्यांची सरमिसळ केलीस. पुन्हा कर,” चिगुसाचे मार्गदर्शक सर म्हणाले. ती चडफडत पुन्हा ओढ्यावर गेली. तिथे काजवे जपणाऱ्या मंडळाचे हिरोसे आजोबा बादलीभर गोगलगायी घेऊन उभे होते. “काजव्यांच्या अळ्या यांच्यावरच जगतात ना, म्हणून दर वसंतात तलावातून आणून सोडतो आम्ही.” चिगुसानं बादलीत डोकावून पाहिलं. “आजोबा, इथल्या गोगलगायी लाखो वर्षं वेगळ्या राहिल्या होत्या. त्यांचाच इतिहास शोधतेय मी.” “असेल पोरी. अळ्यांना दोन्ही गोडच लागतात.” मागे जमलेल्या मंडळाच्या बायका हसल्या. आजोबांनी बादली मानानं तिच्याच हाती दिली. “यंदा तू सोड.” टाळ्या पडल्या. तिनं सवयीनं कमरेत वाकून आभार मानले. आता बादली ओतावीच लागणार होती.