पहिला कप

आईचं काय करायचं, ते दोघं मुलगे बाहेरच्या खोलीत ठरवत होते आणि आई स्वयंपाकघरात चहासाठी आलं किसत होती.

"हिवाळाभर इथे टॅलाला, आमच्याकडे," सारंग सांगत होता. "पुढच्या वर्षी ट्राम सुरू होतेय, तिला फिरायलाही बरं. उन्हाळ्यात तुझ्याकडे, शॅननला."

"ग्रँड!" हेमचंद्र म्हणाला. आयर्लंडला आल्यापासून त्याला सगळंच ग्रँड वाटायचं. "नागपूरचं घर बंद ठेवू. तिथे आता तिचं आहे कोण?"

विभावरीबाईंचा हात किसणीवर थांबला.

"आई, परत जायचंय म्हणून सांगत का नाही त्यांना?" सारंगच्या बायकोनं, शुभदानं सासूला हळूच विचारलं.

"सांगितलं की गं. म्हणाले, तू कशाला काळजी करतेस? इतक्या हौसेनं करताहेत, जास्त ताणलं तर तोंडं एवढीशी होतील."

विभावरीबाईंनी विषय बदलला. खिडकीत सुनेचं लायब्ररीतलं, जुन्या राण्यांवरचं पुस्तक होतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला इथे नोकरीची परवानगी नव्हती. त्यामुळे एकेकाळी शाळेत इतिहास शिकवणारी शुभदा आता तो नुसताच वाचत होती.

"या कुठल्या राण्या म्हणालीस?"

"अँग्लो-सॅक्सन. हजार वर्षांपूर्वीच्या, इंग्लंडातल्या. एकीनं तर किल्ले बांधले, फौजा नेल्या. पण एका राज्यात राजाच्या बायकोला राणी म्हणायचीसुद्धा बंदी. राजाशेजारी बसायचं नाही."

"मग करायच्या काय?"

"मेजवानीत पेला घेऊन फिरायच्या. आधी कुणापुढे धरला, मग कुणापुढे, त्यावरून दरबाराला कळायचं कुणाचा मान केवढा."

"म्हणजे वाढपच की!" विभावरीबाई हसल्या. "ते तर जन्मभर केलं मी."

शुभदा ट्रे घेऊन बाहेर आली. मागोमाग येऊन विभावरीबाई दाराजवळच्या खुर्चीत टेकल्या. हेमचंद्रनं बोलता बोलताच हात पुढे केला. या घरात चहा आधी पुरुषांना मिळे. तसा नियम कुणी केला नव्हता, त्यामुळे तो मोडायचं कुणाच्या मनातही येत नसे.

शुभदा त्या हातावरून पुढे गेली. सारंगवरूनही.

"आई, आधी तुम्ही घ्या. आणि काय हवंय ते सांगा."

"शुभदा, अगं..." सारंग म्हणाला.

"मिळेल, सगळ्यांना मिळेल. भावजी, जरा थांबा."

हेमचंद्रचा हात तसाच पुढे राहिला.

विभावरीबाईंनी कप घेतला. एक घोट घेतला. घाई केली नाही.

"मला नागपूरला जायचंय. महिला मंडळाचं वाचनालय मी चालवते. मी इकडे आल्यापासून ते बंद आहे. बायका येऊन कुलूप बघून जातात. तुमच्याकडे येईन रे, पण पाहुणी म्हणून."

सारंगनं हेमचंद्रकडे पाहिलं, मग आईकडे. बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं.

"कधी जायचंय, आई?"

"दिवाळीच्या आधी."

"बरं," सारंग म्हणाला. "काढतो तिकीट."

विभावरीबाईंनी चहावर फुंकर घातली, आणखी एक घोट घेतला आणि सुनेकडे मान वळवली.

"दे आता त्यांना. आधी धाकट्याला. हात दुखला असेल त्याचा."