बरणीतले खडे

डॉक्टरीणबाईंनी बरणी उजेडाकडे धरली आणि विचारलं, "हे सगळे एकाच घरातले?"

"टपोरे माझे, बारके थोरल्याचे," बाप म्हणाला. चष्म्याच्या काचा घासण्यात त्याची हयात गेली, पण मिरवायचा तो मूतखडे. पडलेला प्रत्येक खडा धुऊन बरणीत टाकायचा. धाकटी पाळण्यात असताना त्यातला एक त्याने दुकानात नेऊन चाकावरही धरला होता, हिरा निघतो का बघायला. हिरा काही निघाला नाही, बायकोची बोलणी तेवढी बसली आणि खडा परत बरणीत गेला.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. दोष आनुवंशिक आहे. बापाला आजार आहे, म्हणजे प्रत्येक लेकरात तो निम्मा तरी उतरलेला असणारच. ज्याला खडे होतात त्याचा खडा तपासला की पुरे. धाकटीला आजवर काही झालेलं नाही, तेव्हा उद्या सकाळी तिचं रक्त घेऊ. नमुन्याला दोन खडे काढून त्यांनी बरणी परत दिली.

शेजारी बसलेल्या धाकटीने मान डोलावली. आईच्या मात्र पायाखालची जमीन सरकली.

धाकटी तिच्या पोटची नव्हती. तान्ही असताना अनाथाश्रमातून आणलेली. हे नवराबायकोखेरीज घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पाहुण्यांपुढे "नाक अगदी बापाचं घेतलंय" असं आईच आधी म्हणून टाकायची.

घरी आल्यावर, पोरं आत गेलेली बघून नवरा म्हणाला, "आता सांगून टाकू. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण उद्या ती डॉक्टरच उघडणार."

"मी जिवंत असेपर्यंत नाही," ती म्हणाली. कळल्यावर पोर आपल्याला परकी होईल, एवढं एकच भय तिला होतं आणि ते तिला पुरून उरत होतं.

सकाळी निघायच्या वेळेला धाकटी पोट धरून न्हाणीघरातून बाहेर आली. पहाटेपासून कळा येत होत्या म्हणाली. आईला आनंद झाला. लेकीला कळा आणि आईला आनंद, याची तिला लाजही वाटली. पण खडे काय, कुणालाही होतात. देवच पावला म्हणायचा.

"पडला एकदाचा," धाकटी म्हणाली. "आता रक्त नको ना द्यायला? हाच नेऊ. शेवटी मीही तुमच्याच वळणावर गेले, आई."

"जाणारच," आई म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

धाकटीने खडा तिच्या तळहातावर ठेवला. मेणासारखा पिवळट, टपोरा. आईने तो बोटाने उलटा केला. खालची बाजू सपाट होती, चष्म्याच्या काचेसारखी घासून गुळगुळीत केलेली.