शेवटच्या फेरीचं फाटक

कापसाच्या गाठींची छोटी मालगाडी वळणावर आली, तसे वानखडे सवयीने इंजिनाच्या पायरीवर उतरले. या लाईनवरच्या फाटकांवर माणूस नव्हता; वानखडेच गाडीबरोबर फिरायचे. थांबलेल्या गाडीतून उतरून फाटक लावायचं, गाडी पलीकडे गेली की उघडायचं आणि पळत जाऊन शेवटच्या डब्यात चढायचं.

तेवीस वर्षं रोज भाजीची पाटी घेऊन फाटकाशी खोळंबलेली बेबीबाई करवादायची, "उघडा ना भाऊ लवकर, बजार उठून जाईन."

आजची ही शेवटची फेरी. उद्यापासून लाईन बंद होणार होती.

फाटक आज आधीच लागलेलं होतं. पाटी खाली ठेवून बेबीबाईच दांडा धरून उभी होती.

"उतरू नका भाऊ," ती म्हणाली. "अन् गाडी हळूच जाऊ द्या. आज मले घाई नाही."