फुग्यांचा नवस

रोझाचे हात कोपरापर्यंत काठवटीत, आणि तोंडातला तेर्स परत चुकलेला.

बाळकुम गावात तेव्हा तळायच्या फुग्यांचं पीठ घड्याळावर फेटत नसत. घड्याळ होतं कुणाकडे? गव्हाच्या पिठात नारळाचं दूध आणि ताडी घालायची, फेटायला बसायचं आणि सोबत तेर्स, म्हणजे माळेची प्रार्थना म्हणायची, ‘नमो मारिये, नमो मारिये’ करत. तेर्स संपला की पीठ झालं. रोझानं तर नवसच बोललेला. नवरा तापातून उठला तर गावच्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, संतांची नावं घेत लदीनची प्रार्थना, अख्ख्या गावाला फुगे, आणि फुग्यांच्या पिठावर पुरा तेर्स, एकही ‘नमो मारिये’ न गाळता.

आणि युजीन उठला की! ठाण्याच्या डॉक्टरचं कुनैन ज्या तापापुढे हरलेलं, तो ताप एका सकाळी चोरासारखा पळाला. युजीन अजून नुसत्या पेजेवर होता, भिंत धरून चालायचा, पण चालायचा.

आज नवस फेडायचा दिवस, आणि उरला होता तेर्स. तोच पुरा होईना.

रोझा सुरुवात झोकात करायची. मग पीठ हाताला चिकटायचं, मग जरा सैल पडायचं, मग हळूच बुडबुडे धरायचं. बुडबुडे दिसले की बाईचं भान गेलंच. ओठ बंद, डोळे काठवटीत. कितवं ‘नमो मारिये’ झालं? देवाला ठाऊक. मग परत पहिल्यापासून. दुपारपासून हेच चाललेलं.

“अगं ए, लदीनची घंटा झाली!” थोरली नणंद जॉर्जिना दारातून ओरडली. “पीठ फेटतेस का त्याला पोहायला शिकवतेस?”

“बाय, तेर्स पुरा नाय झाला.”

“नवसाचा तेर्स आणि पुरा नाय?” जॉर्जिनानं कपाळापासून छातीपर्यंत खुरीस काढला. “ताप परत येतो हां अशानं. पावण्यासारखा येतो, बोचकं घेऊन.”

रोझानं परत पहिल्यापासून सुरू केलं. पण पीठ काही कुणासाठी थांबत नाही. ते काठवटीच्या काठावरून डोकावून बघायला लागलेलं. तिनं कढई चढवली. मूठ दाबायची, अंगठ्याशी गोळा वर आला की तेलात सोडायचा. पहिला फुगा तेलाला टेकला न टेकला तो असा टरारला, की झाऱ्यानं दाबून धरावा लागला. दुसरा ऐकतोय कसला! कढईतून उठला तो थेट कौलाला जाऊन धडकला, आणि तिथला तेलाचा डाग कित्येक पावसाळ्यांत गेला नाही. टोपलीवर झाकण घालून जॉर्जिना स्वतः वर बसली, म्हणून फुगे गावात तरी राहिले. नाहीतर खाडीपलीकडे गोळा करत फिरावं लागलं असतं.

लदीन संपता संपता टोपली खुरसापाशी पोचली. फुगे तोंडात गेले आणि बोलकं गाव गप्प झालं. रोझानं मात्र एकही फुगा उचलला नाही. ती दर घडीला युजीनच्या कपाळाला हात लावून बघत होती. शेवटी राहवेना, तशी पाद्रीबाबांसमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, माझा नवस मोडला.” आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

पाद्रीबाबांच्या दोन्ही गालांत फुगे होते. त्यांनी ते सावकाश गिळले.

“फेटताना मन कुठं भटकलं? बाजारात? शेजारणीच्या भांडणात?”

“छे वो! पिठातच होतं. कुणाच्या वाट्याला चिवट फुगा येऊ नये, बस. दुसरं काय सुचतच नव्हतं.”

“हं.” पाद्रीबाबांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “मी इथं एकेका संताचं नाव घेत होतो, पण नुसतं तोंडानं. वास आला आणि माझं चित्त सगळं तुझ्या कढईत. तेव्हा माफीच्या रांगेत, बाय, तू माझ्या मागं नको उभी राहू. मला वेळ लागेल.”

एवढं बोलून त्यांनी आणखी एक उचलला.

तेवढ्यात जॉर्जिना किंचाळली, “युजीन! अरे ठेव तो! पेजेवरचा माणूस तू, आजारी!”

युजीन खुरसाच्या चौथऱ्यावर बसलेला, टोपली मांडीवर. तोंड इतकं भरलेलं की उत्तर द्यायला जागा नव्हती. तो गिळेपर्यंत सगळं गाव ताटकळलं.

“होतो,” तो म्हणाला.